कौतुक पुरे, आता उणे काढा

यंदाच्या २६ जानेवारीला आमच्या बेलापुरात एका शाळेच्या पटांगणावर मल्लखांब झाला. (बेलापूर म्हणजे नव्या मुंबईतले नव्हे, प्रवरेच्या काठचे, श्रीरामपूर तालुक्यातले.) ध्वजवंदन झाले, भाषणे झाली, लेझीम झाले आणि मग मुलांनी खांबावर एकामागून एक संच केले. त्यांतला एक मुलगा, बारा-तेरा वर्षांचा असावा, इतरांहून निराळा होता. पहिल्या उडीत तो खांबावर गेला तेव्हा हातांचा आवाजसुद्धा झाला नाही. पुढच्या दोन-तीन अढ्या त्याने अशा घेतल्या की एक कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे कळू नये. आणि नेमके तेथेच ध्वनिक्षेपकावरचे निवेदक ओरडले, "टाळ्या!" टाळ्या पडल्या. मुलगा थांबला. टाळ्या ओसरेपर्यंत त्याच आसनात थांबून राहिला. मग पुढची पकड; पुन्हा "टाळ्या!", पुन्हा थांबणे. बोंडावर उभा राहून त्याने हात जोडले तेव्हा त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. उतरताना डावा पाय गुडघ्यात वाकला, टाच निसटली आणि तो गादीवर जेमतेम सावरला. टाळ्या त्याही वेळी पडल्या. किंबहुना त्या वेळी सर्वांत मोठ्या पडल्या.

नंतर चहा घेताना आम्ही एवढेच म्हणालो, की संच उत्तम सुरू झाला होता, टाळ्यांनी तो तोडला आणि उतरणे फसले. यावर मंडळींनी आमच्याकडे असे पाहिले, जणू आम्ही तिरंग्याविषयीच काही वावगे बोललो होतो. "अहो सर, पोरांचं कौतुक करायचं सोडून उणं काय काढता?" एक गृहस्थ म्हणाले. दुसऱ्यांनी दुजोरा दिला, "एवढ्याशा पोरानं एवढं केलं हेच लई झालं." आम्ही गप्प बसलो. थोड्या वेळाने तोच मुलगा आमच्याजवळ आला. आमचे बोलणे त्याच्या कानावर गेले असावे. "काका, उतरताना पाय वाकला व्हता ना माझा?" आम्ही म्हटले, "हो. डावा." "मला वाटलंच. कुणी सांगितलंच न्हाई," असे म्हणून तो निघून गेला. तो दुखावलेला दिसला नाही. उलट, कोणीतरी आपल्याकडे खरोखर पाहिले होते, याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर होते.

हा लेख त्या मुलाच्या बाजूने आणि चहाच्या मंडळींच्या विरुद्ध आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मल्लखांबाला महाराष्ट्रात एकही शत्रू नाही, आणि हेच त्याचे दुर्दैव आहे. ज्याच्यावर कोणी टीका करत नाही त्याच्याकडे कोणी नीट पाहतही नाही. आपण मल्लखांबाचा अभिमान बाळगतो, मिरवणुकीत त्याला ट्रकवर चढवतो, पाहुण्यांसमोर त्याला उभा करतो. पण त्याची समीक्षा करत नाही. समीक्षेवाचून कला साचते हे या पानांवर येणाऱ्या वाचकांना निराळे सांगायला नको. खेळाचेही तसेच होते, एवढेच आम्हांला दाखवायचे आहे.

आधी शब्दांकडे पाहू. मल्लखांबाविषयी मराठीत जे छापून येते त्यात तीन शब्दप्रयोग हटकून असतात: 'चित्तथरारक', 'डोळ्यांचे पारणे फिटले' आणि 'प्रात्यक्षिके'. पहिले दोन निरुपद्रवी आहेत. बातमीदाराला घाई असते. तिसरा मात्र घातक आहे. 'प्रात्यक्षिक' म्हणजे एखादी गोष्ट कशी करतात ते करून दाखवणे. आग विझवण्याचे प्रात्यक्षिक असते, चूल न पेटवता स्वयंपाक करण्याचे असते. प्रात्यक्षिक चांगले किंवा वाईट नसते, ते फक्त होते. प्रात्यक्षिकात कोणी हरत नाही. आणि जेथे हरता येत नाही तेथे जिंकण्यालाही अर्थ उरत नाही. कुस्तीच्या बातमीत 'कुस्तीची चित्तथरारक प्रात्यक्षिके' असे कोणी लिहीत नाही. तेथे कोणी कोणाला कोणत्या डावावर मारले ते लिहितात. मल्लखांबाच्या वाट्याला मात्र जन्मभर प्रात्यक्षिक आले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि त्याने तेथे भारतीय खेळ जगाला दाखवले, याचा आपल्याला योग्य अभिमान आहे. पण त्या गोष्टीला आता नव्वद वर्षे झाली. नव्वद वर्षे आपण दाखवतोच आहोत.

आता थोडे दूर जाऊ. बेलापुरात बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याच्या गोणपाटात गुंडाळलेली लादी. त्यामुळे आम्ही काही मित्र पुरुषांच्या फिगर स्केटिंगच्या स्पर्धा पाहतो असे कळले की लोकांना हसू येते. आम्हांला ती सवय २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी लागली आणि मग मागच्या स्पर्धांच्या चित्रफिती शोधून पाहण्यापर्यंत गेली. प्रथम पाहताना आमच्यातलाच एक जण म्हणाला होता, "हा तर बर्फावरचा मल्लखांब." तो विनोदाने म्हणाला, आम्हांला ते शब्दशः खरे वाटत आले आहे. एकच पुरुष. समोर प्रतिस्पर्धी नाही. ठरलेला अल्प वेळ. अवघड गोष्टींची आधी जुळवलेली माळ. तेल लावलेल्या खांबाइतकाच निसरडा आधार. पडलो तर साऱ्या जगाला दिसणार, आणि नुसते न पडणे मात्र पुरेसे नाही. अवघडपणा मोजायचा, सफाई मोजायची, आणि शिवाय जे मोजता येत नाही त्या डौलालाही आकडा द्यायचा. मल्लखांबाच्या पंचांपुढे जो पेच असतो तोच तेथेही असतो.

फरक आहे तो प्रेक्षकांत. ते भांडतात.

या भांडणाचा एक नमुना सविस्तर सांगण्याजोगा आहे. २०१० साली व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या इव्हान लायसॅचेकने सुवर्णपदक मिळवले आणि रशियाचा येव्गेनी प्लुशेंको दुसरा आला. २५७.६७ विरुद्ध २५६.३६; फरक अवघा १.३१ गुणांचा. प्लुशेंकोने हवेत चार गिरक्या घेणारी उडी मारली होती. लायसॅचेकने तसल्या उडीचा प्रयत्नही केला नव्हता. पण लायसॅचेकचा संच निर्दोष होता, आणि दोन उड्यांमधले त्याचे स्केटिंगही भरीव होते. उलट प्लुशेंकोच्या दोन उड्यांमध्ये काही घडतच नाही, तो नुसता पुढच्या उडीकडे चालत जातो, असा त्याच्या टीकाकारांचा आक्षेप होता. निकालानंतर प्लुशेंको उघड चिडला. चार गिरक्या न घेणारा ऑलिंपिक विजेता असेल तर हा पुरुषांचा खेळ राहिला नाही, नाच झाला, अशा आशयाचे तो बोलला. कॅनडाचा माजी जगज्जेता एल्व्हिस स्टॉयको याने तर त्या रात्री फिगर स्केटिंगचा खून झाला, अशा अर्थाचे शीर्षक देऊन लेख लिहिला. दुसऱ्या बाजूनेही तितक्याच त्वेषाने उत्तरे आली: उडी म्हणजे खेळ नव्हे, उडी हा खेळातला एक शब्द आहे, वाक्य कोण बोलले ते पाहा.

आता या भांडणाने काय झाले ते पाहा. त्यानंतरच्या हंगामात नियम बदलले. चार गिरक्यांच्या उडीचे मूळ गुण वाढले आणि गिरकी थोडी अपुरी पडल्यास होणारी कपात सौम्य झाली. परिणाम असा, की २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये नेथन चेनने एकाच संचात अशा सहा उड्या घेतल्या. लगेच उलट बाजूची ओरड सुरू झाली: हे स्केटिंग की उड्यांचा कारखाना? त्याच वर्षी पुन्हा नियम बदलले. त्या उड्यांचे मूळ गुण कमी केले, त्यांच्या पुनरावृत्तीवर बंधन घातले, आणि प्रत्येक घटक किती चांगला वठला यासाठी अधिक-उणे तीनऐवजी अधिक-उणे पाच गुणांची पट्टी आणली. पहिला पक्ष बरोबर होता की दुसरा, यात आम्ही येथे शिरत नाही. (आमचे मत विचाराल तर व्हँकुव्हरला लायसॅचेकच योग्य विजेता होता. आमच्यातल्या दोघांना ते मान्य नाही.) मुद्दा असा, की अवघडपणा आणि सौंदर्य यांतल्या तोलाविषयी त्या खेळात वीस-पंचवीस वर्षे जाहीर वाद चालू आहे, आणि त्या वादाने खेळ दर काही वर्षांनी बदलला आहे. तो बदल प्रत्येक वेळी चांगलाच होता असे नाही. पण जिवंत गोष्टच बदलते.

पंचांच्या बाबतीतही हेच. २००२ साली सॉल्ट लेक सिटीला जोडीच्या स्पर्धेचा निकाल लागला आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. फ्रान्सच्या पंच मारी-रेन ल गून्य यांच्या मतावर दबाव असल्याचे प्रकरण बाहेर आले. अखेर कॅनडाच्या जोडीलाही दुसरे सुवर्णपदक द्यावे लागले. त्या एका गदारोळातून सहापैकी गुण देण्याची जुनी, दशकानुदशके चाललेली पद्धत गेली आणि २००४ मध्ये प्रत्येक घटकाला वेगळे गुण देणारी पद्धत आली. सुरुवातीला त्या पद्धतीत पंचांची नावे गुणांपासून तोडून ठेवली होती. त्यावरही लोक भांडत राहिले. २०१६ मध्ये तो पडदाही काढावा लागला. आज कोणत्या पंचाने कोणत्या उडीला किती गुण दिले याचा तक्ता कोणालाही वाचता येतो. बेलापुरात बसून आम्ही तो वाचतो आणि एखाद्या पंचावर रागावतो. आमच्या रागाने त्याचे काही बिघडत नाही. पण आमचे पाहणे सुधारते.

आणि बीजिंगची ती पडझड! जपानचा युझुरू हान्यू दोन वेळचा ऑलिंपिक विजेता. २०२२ मध्ये त्याने साडेचार गिरक्यांच्या ॲक्सेल उडीचा प्रयत्न केला. ही उडी तोवर स्पर्धेत कोणालाच साधली नव्हती. तो पडला, एकूण चौथा आला. सुवर्णपदक नेथन चेनने ३३२.६० गुणांनी मिळवले. तरीही त्या रात्री आमच्यात चर्चा झाली ती हान्यूच्या पडण्याची: गिरकी किती अपुरी राहिली, उडण्यापूर्वीचा वेग कसा होता, पदकाची आशा सोडून ही उडी घेणे शहाणपणाचे होते का. पंचांनी त्या उडीला दया दाखवली नाही. अपुरी गिरकी, पडल्याची वजावट, सगळे मापासकट कागदावर आले. आम्हांला वाटते, हाच त्या उडीचा खरा सन्मान होता. सात महिन्यांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेच्या इलिया मालिनिनने ती उडी पूर्ण केली, तेव्हा हान्यूला काय साधायचे होते आणि कितपत राहिले होते हे नोंदलेले असल्यामुळेच मालिनिनने काय केले ते कळू शकले. आमच्या पटांगणावर हान्यू पडला असता तर निवेदक म्हणाले असते, "टाळ्या!"

येथे एक आक्षेप हमखास येतो. फिगर स्केटिंग म्हणजे चमचमते कपडे घालून संगीतावर नाचणे. त्याची मर्दानी मल्लखांबाशी तुलना कशाला? हा आक्षेप आम्ही चावडीपासून महाविद्यालयाच्या स्टाफरूमपर्यंत ऐकला आहे, आणि त्यात एक शेलका शब्दही ऐकला आहे: 'नाच्या'. गंमत अशी, की प्लुशेंकोचा टोमणाही हाच होता. पुरुषाच्या देहाचे सामर्थ्य मान्य करायला जगात कोठेच अडचण नसते; त्याचे सौंदर्य मान्य करताना मात्र जीभ अडखळते. मल्लखांबाविषयी आपण 'ताकद', 'चपळाई', 'लवचीकता' म्हणतो. 'सुंदर' म्हणत नाही. पण ज्याने मल्लखांब एकदा तरी नीट पाहिला आहे त्याला ठाऊक आहे, की लंगोट लावलेला एक पुरुष खांबाभोवती वेल घेत खाली उतरतो तेव्हा आपण ताकद पाहत नसतो. ताकद तर लपलेली असते. ती लपवता येते म्हणूनच तो मोठा मल्लखांबपटू. हे सौंदर्य कबूल केले, की ते कमी-जास्त असू शकते हेही कबूल करावे लागते. आणि तेथेच समीक्षा सुरू होते. तेव्हा कौतुकामागे कदाचित हाच संकोच आहे: आपल्याला जे खरोखर आवडले त्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून 'चित्तथरारक' म्हणून मोकळे व्हायचे.

कोणी म्हणेल, आपल्या लोकांना असे बारकाईने पाहण्याची सवयच नाही. हे साफ खोटे आहे. आमच्या जिल्ह्यात गावोगावच्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो. कधी फडाच्या कडेला बसून पाहा. शाळेचे तोंड न पाहिलेला म्हातारा ढाक कोठे चुकली, कलाजंगाला खांदा उशिरा का गेला, आणि पट काढताना मान कोणत्या बाजूला हवी होती, हे तोंडपाठ सांगतो. शेजारचा ते खोडून काढतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली. एका निर्णायक लढतीत पाठ टेकली होती की नव्हती यावर वाद होऊन एका मल्लाने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचे समर्थन कोणी शहाणा करणार नाही. पण त्यानंतर आठवडाभर आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक केशकर्तनालयात आणि प्रत्येक पानटपरीवर ती चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली गेली: दोन्ही खांदे टेकले का, एकच टेकला, शिट्टी कधी झाली. ही समीक्षाच होती. बेलापूरच्या माणसाला देहाची भाषा वाचता येते. मल्लखांबापुढे आला की तो ती विसरतो, कारण येथे वाचायचे नसून टाळ्या वाजवायच्या असतात हे त्याला आपण शिकवले आहे.

आणि विसंगती पाहा. मल्लखांब जन्माने कुस्तीचाच. नावच सांगते: मल्लाचा खांब. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त त्याचा उल्लेख आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवे रूप दिले. देवीने वणीला माकडांच्या रूपात त्यांना दृष्टांत दिला ही आख्यायिका ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. पण त्यानंतर जे घडले ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोळस मेहनतीचे काम आहे. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, फरारा, ताजवा ही नावे कोणा देवाने दिलेली नाहीत. एका पकडीतला दुसरीपासूनचा बारीक फरक ज्यांना दिसला त्यांनी ती पाडली. बडोद्याच्या मुजुमदारांनी 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड काढले ते याच डोळसपणाने. भाषा तयार होती. आपण ती तालमीत ठेवली आणि वर्तमानपत्रात 'पारणे' घेऊन आलो. गाण्याच्या बाबतीत असे झाले नाही. केशवराव भोळ्यांसारख्यांनी नामांकित गवयांच्या गाण्यातले गुण आणि उणिवा नाव घेऊन लिहिल्या. गवई रागावले असतील, पण श्रोते तयार झाले. मल्लखांबाला असा एकही लेखक आपण दिला नाही.

स्पर्धा होत नाहीत असेही नाही. राष्ट्रीय स्पर्धा कित्येक दशके चालू आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. 'खेलो इंडिया'त मल्लखांब आला. २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत आला. हिमानी परबला अर्जुन पुरस्कार मिळाला, उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मध्य प्रदेशाने तर २०१३ मध्येच त्याला आपला राज्यक्रीडाप्रकार केले. हे सर्व आनंदाचे आहे. परंतु यांपैकी कोणत्याही स्पर्धेनंतर पहिला का पहिला आला आणि दुसऱ्याचे कोठे चुकले, हे सांगणारा एक परिच्छेद आमच्या वाचनात आला नाही. पंच काठिण्य पाहतात, सफाई पाहतात, दशांशाचा काटा लावून गुण देतात. ते गुण फलकावर लागतात आणि पुसले जातात. त्यांवर कोणी रागावत नाही. ज्या निकालावर कोणीच रागावत नाही तो निकाल कोणी वाचलेलाच नसतो.

दुसरीकडे दूरचित्रवाणीचे कौतुक आहे. २०२३ मध्ये छत्तीसगडच्या नारायणपूरच्या अबूझमाड मल्लखांब अकादमीच्या मुलांनी 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकले. त्या मुलांविषयी आम्हांला आदरच आहे. ज्या भागातून ती आली तेथून तेथवर पोहोचणे सोपे नाही. पण त्या मंचावरचा खांब पाहताना खांबाविषयी काय कळले? परीक्षक उभे राहिले, डोळे पुसले, संगीत चढले. पकडीविषयी कोणी अक्षर काढले नाही. अशा मंचाची मागणी ठरलेली असते: आणखी उंच, आणखी धोक्याचे, आणखी पलिते. खेळ जेव्हा केवळ अचंब्यावर जगतो तेव्हा त्याला दर वेळी मागच्याहून मोठा अचंबा द्यावा लागतो, आणि अखेर तो सर्कशीच्या दारात जाऊन उभा राहतो. फिगर स्केटिंगमध्ये उलटी कोलांटी १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये टेरी कुबिका या अमेरिकनाने मारली. प्रेक्षकांना ती फार आवडली. तिच्यावर बंदी आली आणि २०२४ पर्यंत टिकली. ती बंदी योग्य होती की नव्हती हा वाद वेगळा. पण प्रेक्षकांना आवडले म्हणजे खेळात बसले असे नव्हे, एवढे म्हणण्याची हिंमत त्या खेळात होती. आपल्याकडे ती कोण दाखवणार?

शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. मल्लखांब गरीब खेळ आहे. मुले शेतमजुरांची, छोट्या दुकानदारांची. प्रशिक्षक बहुधा विनामोबदला राबणारे. तेल आणि गाद्या यांचे पैसेसुद्धा वर्गणीतून येतात. अशांवर टीका करून त्यांचा हुरूप का मोडायचा? आमचे उत्तर असे. टीका मुलाची करायची नाही, संचाची करायची. आणि जो मुलगा पहाटे उठून वर्षानुवर्षे खांबावर अंग घासतो त्याला आपला पाय वाकला हे आधीच माहीत असते. ते इतरांना दिसले की नाही एवढेच त्याला कळत नसते. आपण टाळ्या वाजवून त्याला सांगतो, की तू काय करतोस ते आम्हांला दिसत नाही, तू काहीही केलेस तरी आम्हांला सारखेच. याला हुरूप देणे म्हणत नाहीत. ही उपेक्षा आहे. फक्त तिचा आवाज मोठा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी पटांगणावर खांब उभा राहिला की निदान एवढे पाहा. उडी घेतल्यावर पहिली पकड एका झटक्यात बसली, की हात सरकवून सुधारून घ्यावी लागली? एक अवघड आणि दुसरी अवघड यांच्या मधला जोड जिवंत आहे, की मध्ये नुसती चढउतर आहे? सगळ्या करामती उजव्याच बाजूने होत आहेत का? पायांची बोटे शेवटपर्यंत ताणलेली आहेत, की कोणी पाहत नाही असे वाटले की सैल पडतात? बोंडावरचा तोल खरोखर स्थिर झाला, की स्थिर होण्यापूर्वीच नमस्कार करून वेळ मारून नेली? उतरणे ठरवून झाले, की सुटून झाले? आणि सर्वांत महत्त्वाचे: तुम्ही पाहिलेल्या दीड मिनिटाला सुरुवात, मध्य आणि शेवट होता का? यांतली दोन-तीन उत्तरे जरी तुमच्याजवळ असली तरी शेजाऱ्याशी भांडण काढण्यास तेवढी पुरेत. भांडण काढाच. मग घरी जाऊन चार ओळी लिहा, आणि त्यांखाली आपले नाव घाला.

टाळ्यांविरुद्ध आमचे काही नाही. त्या संच संपल्यावर वाजवाव्यात, आणि निवेदकांनी तोवर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा, एवढीच विनंती. असो.

त्या मुलाचा संच आम्ही पुन्हा पाहणार आहोत. १५ ऑगस्टला तो त्याच पटांगणावर असेल. डावा पाय सुधारला असला तर तसे लिहू. नसला तर तसेही लिहू.